आडवी पट्टी, उभी पट्टी

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कारखान्यात एका मोटारीचा चाचणी अहवाल भरत होते. अंबडला आमच्या विभागात दिवसाला दहा-बारा मोटारी तपासून पुढे जातात आणि प्रत्येकीचा एक कागद भरावा लागतो. फोन मामीचा होता. "ऋता, मामा गेले गं," एवढं म्हणून ती थांबली. मागे कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, कुणीतरी नळ बंद केला... सकाळचा चहा घेतला, कप खाली ठेवला आणि तिथेच मान टाकली, हे तिने नंतर सांगितलं. मी "निघते" म्हणून फोन ठेवला आणि अर्धा राहिलेला तो कागद पूर्ण भरला. असं का केलं ते मला सांगता येणार नाही. शेवटच्या रकान्यात जोडणी कोणती ते लिहायचं असतं. तिथे 'डेल्टा' लिहिलं, सही केली, आणि मग पिशवी उचलली.

याला आता सहा आठवडे होत आले. मला लिहायची सवय नाही, मराठीत तर नाहीच. शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठीचा पेपर पास होण्यापुरता. पण मामांचं सगळं मराठीत होतं, अगदी मोटारसुद्धा, म्हणून हे मराठीतच लिहायला हवं. आणि एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती सहा वर्षं राहिली आहे. तिचं ओझं आता कंटाळवाणं झालं आहे, जुन्या दुखण्यासारखं.

दत्तूमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. नाशिक रोडला उड्डाणपुलापलीकडे त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. जळलेली मोटार यायची, ते तिच्यातली जुनी तार काढायचे, नवी भरायचे, वार्निश द्यायचे आणि ती पुन्हा चालायला लागायची. देवळालीकडच्या भाजीवाल्या मळेकऱ्यांचे पंप, गिरण्यांच्या मोटारी, कधी एखाद्या कॉलनीच्या पाण्याच्या टाकीची मोटार. गिऱ्हाइकं त्यांना मिस्त्री म्हणायची. त्यांच्या अंगाला कायम वार्निशचा वास यायचा. मामी म्हणायची, "लग्नातल्या फोटोलासुद्धा येतो तो वास."

दहावीनंतरच्या सुट्टीत आईने मला तिथे पाठवायला सुरुवात केली. घरात बसून हिच्या तोंडाला कुलूप लागलंय, असं तिचं म्हणणं. आई मला बोलतं करायला धडपडत होती, पण दुकानात माझी सोय झाली ती मामांना बोलायची गरज वाटत नसल्यामुळे. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यासमोर तारेचं एक जळकं वेटोळं ठेवलं आणि म्हणाले, "मोज." जुन्या वेटोळ्यात किती वेढे होते ते मोजल्याशिवाय नवं भरता येत नाही. मी मनात इंग्रजीत मोजत होते, मामा शेजारी दुसरं वेटोळं घेऊन मराठीत मोठ्याने मोजत होते. त्यांनी 'एकोणसाठ' म्हटलं की माझं सगळं कोलमडायचं. एकोणसाठ म्हणजे साठच्या अलीकडचं की पलीकडचं, हे मला आजही क्षणभर थांबून ठरवावं लागतं. चौथ्यांदा पहिल्यापासून सुरू केलं तेव्हा मामा हसले. "तुझी कॉन्व्हेंटची मोजणी मनातल्या मनात कर. पाटीवर आकडा तेवढा लिही. आकड्याला माध्यम नसतं." मग तेही मनात मोजू लागले. त्या सुट्टीत आम्ही दोघं शेजारी बसून मुक्याने मोजत असू, आणि मला वाटतं तेवढं बरं मला तोवर कुठेच वाटलं नव्हतं.

स्टार आणि डेल्टा हे शब्द मी पुस्तकाआधी त्यांच्याकडून ऐकले. थ्री फेज मोटारीत तारेच्या वेढ्यांचे तीन गट असतात. तिन्ही गटांची एकेक टोकं एकत्र बांधली की झाली स्टार. एकाचं शेवटचं टोक दुसऱ्याच्या पहिल्या टोकाला असं फिरत जोडत गेलं की डेल्टा. डेल्टात प्रत्येक गटाला लाइनचं पूर्ण व्होल्टेज मिळतं, स्टारमध्ये कमी. आणि व्होल्टेज जितकं घटतं त्याच्या वर्गाने जोर घटतो, म्हणून तीच मोटार, तीच तार, तेवढेच वेढे, पण स्टारमध्ये जोर तिसऱ्या हिश्श्यावर येतो. हे मी आता असं नीट लिहिते आहे. मामांचं सांगणं वेगळं होतं. "स्टारमध्ये मोटार उपाशी असते गं. फिरते झकास, ओढत नाही. फिरणं वेगळं, ओढणं वेगळं." मोठी मोटार सुरू करताना तिला मुद्दाम काही क्षण स्टारमध्ये ठेवतात, म्हणजे करंटचा धक्का बसत नाही, आणि वेग आला की डेल्टात टाकतात. ते का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "तू उठल्या उठल्या ताट घेऊन बसतेस का? आधी उठू दे तिला. मग वाढ."

पुढे कॉलेजात सरांनी हाच भाग दोन तास फळाभर गणितं मांडून शिकवला तेव्हा वर्गात फक्त मला हसू येत होतं, आणि ते कुणाला सांगण्याइतकी माझी कुणाशी ओळख नव्हती.

मामा कामात हट्टी होते. एकदा एक मळेकरी पंपाची मोटार घेऊन आला आणि म्हणाला, "मिस्त्री, दर वेटोळ्यात चार वेढे कमी टाका. शेजाऱ्याने टाकले, त्याचा पंप बघा कसा पाणी फेकतो." त्यात तथ्य होतं. वेढे कमी केले की चुंबकत्व वाढतं, जोर वाढतो. मामांनी मान हलवली. "येईल की जोर. पण रोज तापेल. शेजाऱ्याचा पंप दिवाळीपर्यंत टिकला तर मला येऊन सांग." त्या माणसाने बराच वेळ घासाघीस केली, शेवटी चिडून "तुम्ही जुन्या काळातले" म्हणाला. मामा म्हणाले, "तुमची मोटार पण जुन्या काळातलीच आहे, म्हणून तर अजून चालते." त्याने मोटार तिथेच ठेवली. दिवाळीनंतर शेजारीही त्याची जळकी मोटार घेऊन आला. मामांनी ती ठेवून घेतली आणि मला डोळा मारला.

आता ती गोष्ट. मोटारीच्या अंगावर एक छोटी पेटी असते. झाकण काढलं की आत सहा बोल्ट, तीन-तीनच्या दोन रांगा. पितळी पट्ट्या लावून ते एकमेकांना जोडायचे, आणि त्या कशा लावल्या यावर मोटार स्टार की डेल्टा ते ठरतं. मामांचा नियम चार शब्दांचा होता. उभी डेल्टा, आडवी स्टार. वरच्या बोल्टवरून खालच्या बोल्टवर अशा तीन पट्ट्या सोडल्या तर डेल्टा, एकाच रांगेतले तीन बोल्ट दोन पट्ट्यांनी जोडले तर स्टार. माझी त्या वर्षीची परीक्षा नुकतीच संपली होती, इलेक्ट्रिकल मशीन्सच्या पेपरात मी वर्गात पहिली येणार हे सगळ्यांना माहीत होतं. एकलहऱ्याच्या ताराबाईंची मोटार त्या आठवड्यात दुकानात होती. त्यांची पिठाची गिरणी आणि मिरची कांडप, मोटार पाच हॉर्सपॉवरची, दिवस मिरचीचे. मामांनी ती भरून तयार केली होती, आणि नेमकं त्या दुपारी त्यांना मोतीबिंदू दाखवायला डॉक्टरांकडे जायचं होतं. निघताना म्हणाले, "तेवढ्या पट्ट्या लाव. डेल्टा. ताराबाईंचा दीर टेम्पो घेऊन येईल."

बेअरिंग बसवायला म्हणून ती मोटार पंख्याच्या बाजूवर उभी करून ठेवलेली होती. म्हणजे पेटीही तिच्याबरोबर फिरलेली. ज्या रांगा आडव्या असायच्या त्या उभ्या झालेल्या. मला आकृती पाठ होती. मी ती क्षणभर आठवली असती तर पुरे होतं. पण त्या दुकानात मला दुकानातलीच व्हायचं होतं, पुस्तकातली नाही. मी मामांच्या शब्दांनी गेले. उभी डेल्टा... म्हणून मी एका उभ्या रांगेतले तीन बोल्ट पट्ट्यांनी जोडून टाकले. तीनपैकी एक पट्टी उरली. तिच्याकडे बघून तरी कळायला हवं होतं. मी ती सुट्या पट्ट्यांच्या डब्यात टाकली आणि झाकण लावलं. ताराबाईंचे दीर आल्यावर आम्ही मोटार आडवी केली, रिकामी चालवून बघितली. इतकी शांत चालत होती की ते म्हणाले, "वा, आवाज तरी येतोय का?" मला अभिमान वाटला. उपाशी मोटारीला आवाज नसतो, हे मला माहीत होतं, पण त्या वेळी ते आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिरणीतून फोन आला. मामांनी स्कूटर काढली, मी मागे बसले. गिरणीत मिरचीचा ठसका इतका की दारातच डोळे भरून आले. डबे घेऊन सात-आठ बायका बसल्या होत्या. मिरची ओतली तशी मोटार दबत गेली, मग अडकली, मग धूर, असं त्याच सांगत होत्या. ताराबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "मिस्त्री, मोटार भरून दिली का जाळून दिली?" बायका हसल्या. मामांनी पेटीचं झाकण काढलं. आत बघितलं. किती वेळ ते मला नाही सांगता येणार, फार नसेल. शेजारी स्टार्टर होता. मोटारीवर ताण आला की तो बंद पडायला हवा, पण घडीघडी बंद पडतो म्हणून कुणीतरी त्याचा काटा शेवटपर्यंत सरकवून ठेवला होता. ते मलाही दिसलं, मामांना तर दिसलंच. तेवढं एक वाक्य त्यांनी म्हटलं असतं तर अर्धी चूक तिथेच ताराबाईंच्या पदरात पडली असती. मामा म्हणाले, "पट्टी चुकली माझी, ताराबाई. डोळ्यांनी घात केला."

मी त्यांच्या मागे उभी होते. माझ्या हातात त्यांचा स्क्रू ड्रायव्हर होता. मी बोलले नाही. मिरचीने घसा धरला होता, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. परत येताना मामा फक्त "रुमाल बांध तोंडाला" म्हणाले, आणि दुकानापाशी, "तू आता आठवडाभर येऊ नकोस. आराम कर. परीक्षेने दमलीस." ती मोटार त्यांनी एकट्याने पुन्हा भरली. मला वाटलं, आता त्यांना माझ्या हाताची खात्री राहिली नाही. एवढं शिकून हिला स्टार-डेल्टा कळत नाही, असं त्यांना वाटलं असणार. चूक कशी झाली ते सांगायचं मी खूपदा ठरवलं. वाक्य आधी इंग्रजीत तयार व्हायचं, मग मी ते मराठीत आणायचे, तोवर कुणीतरी गिऱ्हाईक यायचं.

गावात बोलणं पसरायला गिरणीइतकी सोयीची जागा नाही. मिस्त्रींची नजर गेली. पावसाळ्यात मामांचं ऑपरेशन झालं, त्यांना पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसू लागलं, पण बोलण्याचं ऑपरेशन होत नाही. कामं कमी होऊ लागली. जी यायची त्यांच्याबरोबर एक वाक्य यायचं, "मिस्त्री, तुमच्या भाचीकडून एकदा तपासून घ्या बरं का." माझ्याकडून! सुट्टीत गेले की मामा हाक मारायचे, "या इंजिनियरबाई, तपासा." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. मी मीटर लावायचे, त्यांच्या तीस वर्षांच्या हाताने केलेलं काम बघायचे आणि "ठीक आहे" म्हणायचे. गिऱ्हाइकाचा जीव भांड्यात पडायचा. पुढच्या वर्षी मी अभ्यासाची सबब काढली. मग नोकरीची. मामांनी दुकान बंद केलं तेव्हा मी फोनवर "आता आराम करा" म्हणाले.

दहाव्याला ताराबाई आल्या होत्या. मामीचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "हात लय चांगला व्हता मिस्त्रींचा. नजरंनी दगा दिला, त्याला कोन काय करनार?" मामीने मान डोलावली. "डोळ्यांनीच दुकान घालवलं त्यांचं," ती म्हणाली. तेव्हा मला कळलं की मामांनी तिलासुद्धा सांगितलं नव्हतं. मी पाण्याचे पेले गोळा करून आत निघून गेले.

मग पंधरा-वीस दिवसांनी मी मामीला सांगितलं. ती कपाटातले मामांचे शर्ट काढत होती. तिने सगळं ऐकलं, हातातल्या शर्टाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मला वाटलं ती रागावेल, किंवा रडेल. ती म्हणाली, "मला सांगून काय होणार? मी काय त्यांना सोडून चालले होते? जिथं बोलणं सुरू झालं तिथं जाऊन सांग."

गेल्या रविवारी मी एकलहऱ्याला गेले. ताराबाई आता सत्तरीला आल्या असतील, पण गिरणी त्याच चालवतात. सकाळची वेळ, एक बाई गहू घेऊन बसली होती. मी मामांची भाची म्हणून ओळख दिली आणि बसायच्या आधीच सांगून टाकलं, कारण बसले असते तर नसतं सांगितलं. त्या वर्षीची मोटार मामांमुळे नाही, माझ्यामुळे जळली. पट्ट्या मी लावल्या होत्या. ताराबाईंनी माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"अन् मागं उभी राहून ऐकत व्हतीस?"

"हो."

"सहा वर्सं?"

"हो."

"लय धीराची गं बाई तू," त्या म्हणाल्या. मग मोटारीकडे बोट करून, "तीच हाय ती. त्यांनी परत भरून दिली तवापासून कुनी हात लावला नाय. दाखव बरं, कुठं चुकलीस ते."

त्यांनी मेन स्विच खाली ओढला. पेटीवर पिठाचा थर बसला होता, तो मी ओढणीने पुसला. स्क्रू घट्ट झाले होते. झाकण निघालं. आत तीन उभ्या पट्ट्या होत्या, जशा असायला हव्यात तशा. दाखवायला काही नव्हतंच, म्हणून मी हाताने हवेत मोटार उभी करून पेटी कशी फिरली होती ते सांगायला लागले. तेव्हा माझ्या हातातल्या झाकणाची आतली बाजू दिसली. पांढऱ्या ऑइलपेंटने एक बाण काढलेला होता आणि त्याखाली मामांच्या बारीक, तिरप्या अक्षरात लिहिलं होतं, 'आधी हा बाण वर. मग उभी-आडवी.'

म्हणजे त्यांना कळलं होतं. पट्ट्या बघितल्या त्याच क्षणी, मोटार बाकावर कशी उभी होती ते आठवून, मी कशी चुकले असेन ते त्यांना कळलं होतं. मी आठ दिवस घरी बसले होते तेव्हा त्यांनी त्यांचा नियम दुरुस्त केला होता. 'पट्टी चुकली माझी' हे मी सहा वर्षं माझ्यासाठी बोललेलं खोटं समजत होते. ते त्यांना खरंच वाटत होतं. शिकवणाऱ्याचा नियम अपुरा होता, म्हणून चूक शिकवणाऱ्याची. त्यातलं डोळ्यांचं तेवढं खोटं होतं...

"काय लिवलंय?" ताराबाईंनी विचारलं. मी वाचून दाखवलं, अर्थ सांगितला. त्यांनी पदराने नाक पुसलं, पिठाने की कशाने कोण जाणे. मग म्हणाल्या, "लाव ते झाकन. मानसं खोळंबलीत." मी झाकण लावलं, बाण वर करून. त्यांनी स्विच वर ढकलला, मोटार उठली, पट्टा सरसरला, आणि दाणे पडायला लागल्यावरही आवाज दबला नाही.

"मिस्त्रींची चूक नव्हती बरं का ती," ताराबाई गव्हाच्या डब्यावाल्या बाईला म्हणाल्या.

"कोन मिस्त्री?" त्या बाईने विचारलं. ती गावात नवी असावी.

ताराबाई तिच्याजवळ सरकल्या आणि पहिल्यापासून सांगू लागल्या. गिरणी चालू होती, त्यामुळे त्यांना ते सगळं ओरडून सांगावं लागत होतं.